गिरगावचा तळमजला

पाडव्याच्या सकाळी गिरगावात गाडी आणायचे धाडस कोणी करत नाही. फडके गणपतीच्या देवळाच्या आसपास रस्ता माणसांनी भरून गेलेला असतो. ढोल-ताशांचा गजर, नऊवारी नेसून बुलेटवर बसलेल्या मुली, चित्ररथ, आणि दोन्ही अंगांना मोबाइल उंच धरून उभे असलेले लोक. या लोकांतले कितीतरी जण पहाटेच्या लोकलने डोंबिवलीहून, बोरिवलीहून, विरारहून आलेले असतात. कोणाची आजी इथल्या वाडीत राहायची, कोणाचे बालपण इथल्या गॅलरीत गेलेले असते. स्वागतयात्रेची प्रथाही मुळात गिरगावची नाही. १९९९ साली डोंबिवलीच्या गणेश मंदिर संस्थानने ती सुरू केली आणि तिथून ती इतर गावांत, शहरांत पसरली. गिरगाव-दादर-परळ सोडून गेलेल्या मराठी कुटुंबांनी जी उपनगरे भरली, त्यांनी घडवलेला सोहळा आता मूळ गावी साजरा होतो. त्यात हसण्यासारखे काही नाही. पण गिरगावातल्या पुनर्विकासाच्या वादाकडे पाहताना ही उलटी वाहतूक ध्यानात ठेवलेली बरी. कारण तो वाद ‘आम्हाला हाकलले’ या वाक्यापाशी सुरू होतो आणि बहुधा तिथेच घुटमळत राहतो.

शके १९४८चा हा पाडवा गिरगावला भुयारी मेट्रो मिळाल्यानंतरचा पहिला. ऑक्टोबर २०२५मध्ये आचार्य अत्रे चौक ते कफ परेड हा टप्पा खुला झाला आणि साडेतेहेतीस किलोमीटरची मार्गिका पूर्ण झाली. गिरगाव आणि काळबादेवी या दोन स्थानकांसाठी इमारती रिकाम्या कराव्या लागल्या, त्यावेळी रहिवासी रस्त्यावर उतरले होते; ‘आहे तिथेच घर’ हे आश्वासन त्यांनी भांडून मिळवले. त्यानंतर जगन्नाथ शंकरशेट मार्गाने वर्षानुवर्षे पत्र्यांच्या आडोशाने दिवस काढले. पत्र्यांमागे दुकाने उघडी होती, पण ती उघडी आहेत हे दिसायला गिऱ्हाइकाला वाकडी वाट करावी लागे. आता गाडी धावू लागली आहे, आणि स्थानक आले की त्याच्या मागोमाग जे येते तेही आले आहे. वाड्यांच्या तोंडाशी विकासकांचे फलक, सॅम्पल फ्लॅटची आमंत्रणे, आणि जेवणानंतर पटांगणात प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून होणाऱ्या सभा.

या सभांमध्ये दोन पक्ष पडतात. एकाला टॉवर हवा असतो, दुसऱ्याला ‘आपले गिरगाव’ जपायचे असते. दुसऱ्या पक्षाला टाळ्या जास्त मिळतात, मते पहिल्याला. हे ढोंग आहे असे म्हणून मोकळे होता येईल, पण ते खरे नाही. दीडशे-दोनशे चौरस फुटांच्या खोलीत तीन पिढ्या, मजल्याच्या टोकाला सामाईक संडास, पहाटे पाण्यासाठी उठणे, म्हाताऱ्या माणसाला रात्री अंधाऱ्या व्हरांड्यातून धरून नेणे, सुनेला कपडे बदलायला आडोसा नसणे, हे सगळे ज्यांनी केले त्यांना चाळीचे गोडवे ऐकवू नयेत. चाळीवरचे विनोद आणि आठवणींचे लेख बहुतेक पुरुषांनी लिहिले, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी ते स्वतंत्र संडास असलेल्या घरात राहायला गेल्यावर लिहिले. भिंतीतून पाणी झिरपते, जिन्याच्या पायऱ्या हलतात, पावसाळ्यापूर्वी दरसाल धोकादायक इमारतींची यादी निघते. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी इथून चालत जाण्याच्या अंतरावर, भेंडीबाजारच्या पाकमोडिया गल्लीत, अशीच एक इमारत कोसळून तीसहून अधिक माणसे गेली. जुने पाडून नवे बांधले पाहिजे, याबद्दल वाद नसावा.

हे जुने इतके का कुजले याचे उत्तर कायद्यात आहे. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली. युद्ध आणि फाळणीच्या त्या टंचाईत कायदा गरजेचा होता, पण तात्पुरता म्हणून आलेला हा पाहुणा मुदतवाढींवर अर्धे शतक मुक्काम करून राहिला. १९९९च्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ देऊ केली. मूळ भाडेच पन्नास-शंभर रुपये असेल तर त्या चार टक्क्यांत जिन्यातला दिवाही बदलत नाही. मालकाने दुरुस्ती सोडली. भाडेकरूने खोली पागडीवर फिरवली. १९६९ साली सरकारने उपकर लावून दुरुस्ती मंडळ काढले तेव्हा मुंबई शहरात अशा इमारती साडेएकोणीस हजारांहून अधिक होत्या. दुरुस्त्या झाल्या, टेकू लागले, टेकूंना टेकू लागले. अखेर विकास नियंत्रण नियमावलीत, ज्याला बोलीभाषेत नुसते ‘तेहतीस-सात’ म्हणतात तो नियम आला. विकासकाने जुन्या भाडेकरूंना फुकट घरे बांधून द्यावीत आणि मोबदल्यात मिळणारे चटईक्षेत्र बाजारात विकावे, असा हा व्यवहार. निवासी भाडेकरूला किमान तीनशे चौरस फूट, एक्कावन्न टक्के भोगवटादारांची संमती, आणि दुकानदाराला त्याच्याकडे आज आहे तेवढेच क्षेत्रफळ.

शेवटच्या कलमाकडे सभांमध्ये कोणाचे लक्ष जात नाही. चर्चा कार्पेट किती, कॉर्पस किती, फंजिबल धरून की वगळून, भाडे किती महिन्यांचे आगाऊ, पार्किंग आहे की नाही, इतक्यातच फिरते. गाळेवाल्याची तक्रार सुरू झाली की मागच्या खुर्चीवरून आवाज येतो, ‘तुमच्यामुळे आमचे अडले आहे.’ वरच्या मजल्यावरच्या माणसाला तीनशे-चारशे फूट मिळणार म्हणजे त्याचे घर दुप्पट होणार. खालच्या माणसाची जागा वाढत नाही, आणि काम सुरू असताना त्याचे काय हे धड ठरलेले नसते. तो सही करायला कचरतो. मग शेजारी त्याला आडमुठा म्हणू लागतात. ज्याच्याकडून पंचवीस वर्षे उधारीवर साखर आणली त्याच्याशी बोलणे बंद झाल्याची उदाहरणे एकेका वाडीत सापडतील.

घर आणि दुकान यांत एक फरक आहे, आणि नियमावलीला तो दिसत नाही. बिऱ्हाड तीन वर्षांसाठी दहिसरला किंवा ठाण्याला हलवता येते. त्रास होतो, पण इमारत झाली की माणसे परत येतात. दुकान हलवता येते, गिऱ्हाईक हलवता येत नाही. पिठाची गिरणी, वाण्याचे दुकान, इस्त्री, शिवणकाम, खानावळ यांचा व्यवसाय पाचशे पावलांच्या परिघातला असतो. वाडी रिकामी झाली की निम्मी गिऱ्हाइके त्याच दिवशी जातात. उरलेली इतरांकडे वळतात. त्यातून तीनाची पाच आणि पाचाची दहा वर्षे होणे या शहरात नवलाचे नाही. विकासक बुडतो, भागीदार भांडतात, स्थगिती येते. दहा वर्षांनी गाळ्याची किल्ली हातात पडते तेव्हा दुकानदार साठी ओलांडून गेलेला असतो आणि मुलगा पुण्याला किंवा बंगळुरूला संगणकावर काम करत असतो.

पुढचा भाग कोणत्याच पक्षाच्या भाषणात येत नाही, कारण त्यात खलनायक नाही. पुनर्विकास दुकानदाराला हाकलत नाही. तो त्याला मालक करतो. आजोबांच्या काळापासून शे-दोनशे रुपये भाड्याच्या गाळ्यात चिवडा, लोणची, फुलवाती नाहीतर वह्या विकणारा माणूस एका रात्रीत गिरगावातल्या रस्त्यालगतच्या जागेचा धनी होतो. मग तो हिशेब करतो. सकाळी सातला शटर उघडून रात्री नऊपर्यंत उभे राहून जे सुटते, त्याहून जास्त रक्कम बँकेचे एटीएम किंवा मोबाइलचे शोरूम दरमहा घरबसल्या देते. त्याने दुकान का चालवावे? आपण चालवले असते का? कमी भाडे हीच त्या दुकानाची खरी भांडवली गुंतवणूक होती, आणि ती अप्रत्यक्षपणे घरमालकाच्या खिशातून झालेली होती. ताटभर जेवण परवडेल त्या दरात देणाऱ्या खानावळींचे रहस्य मावशींच्या हातात जितके होते तितकेच भाडेपावतीत होते.

वरच्या मजल्यावरही हेच घडते. खोली भाड्याची होती तोवर कुटुंब तिला चिकटून होते, कारण सोडली तर पागडीचे थोडेफार पैसे आणि मागे काही नाही. तीच खोली चारशे फुटांचे मालकीचे घर झाली की तिची किंमत डोळ्यांसमोर नाचू लागते. दोन भाऊ, एक बहीण, तिघांचा वाटा. एकाच घरात तिघांचे संसार मावत नाहीत. विकले तर तिघांना बदलापूरला, विरारला, पनवेलला एकेक घर होते आणि वर काही शिल्लक राहते. शिवाय मेंटेनन्स. तीन लिफ्ट, पंप, पहारेकरी आणि क्लबहाऊस यांचा दरमहा खर्च पेन्शनीतून भागत नाही. विकासकाने दिलेल्या कॉर्पस निधीचे व्याज काही वर्षे पुरते. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली ३३ लाख ३८ हजार होती, २०११ साली ती ३० लाख ८५ हजारांवर आली. टॉवर उंचावत होते आणि माणसे कमी होत होती. या अडीच लाखांतल्या कोणाला बंदुकीच्या धाकाने घालवलेले नव्हते. त्यातल्या अनेकांनी सही केली, पेढे वाटले आणि टेम्पो बोलावला.

ज्यांनी सही केली नाही, कारण त्यांना सही करायला कोणी सांगितलेच नाही, त्यांची गोष्ट निराळी. जिन्याखाली टेबल टाकून बसलेला इस्त्रीवाला, वाडीच्या तोंडाशी चप्पल शिवणारा, पहाटे दाराच्या कडीला फूलपुडी अडकवून जाणारा, पाटी घेऊन येणारी कोळीण. यांच्याकडे भाडेपावती नाही म्हणून ‘पात्रता यादी’त ते नाहीत. नव्या इमारतीला जिन्याखालची मोकळी जागाच नसते. तिथे मीटररूम आणि अग्निशमनाची टाकी असते. कोळणीला दारावरचा पहारेकरी आत सोडत नाही आणि तिच्याकडे मोबाइलवर परवानगी मागणारे अ‍ॅप नसते. गिरणीला तर कोणीच जागा देत नाही. आवाज होतो, पीठ उडते, विजेचा भार जास्त लागतो. दिवाळीला भाजणी कुठे दळायची हा प्रश्न टॉवरच्या पहिल्या वर्षी विचारला जातो, दुसऱ्या वर्षापासून भाजणी पाकिटात येते.

कोळणीचा विषय निघाला की आवाज चढतात, आणि चढण्यासारखे कारणही आहे. गिरगावात विक्रीसाठी निघालेल्या सदनिका घेणारा वर्ग मोठ्या प्रमाणात गुजराती, जैन आणि मारवाडी व्यापाऱ्यांचा आहे. ऑपेरा हाऊसचा हिरेबाजार शेजारी होता. २०१०नंतर तो वांद्रे-कुर्ला संकुलात गेला तरी कुटुंबे आणि देवळे इथेच रुजली. नव्या इमारतीत मासे तळल्याच्या वासावरून कुरबुर होते, दलाल फोनवरच आडनाव आणि आहार विचारतो, लेखी काहीच नसते. ज्या गिरगावच्या वाड्यांत संयुक्त महाराष्ट्राच्या सभा झाल्या तिथे मराठी माणसाला घर नाकारले जावे, हा संताप समजण्यासारखा आहे आणि घर नाकारणाऱ्यांची बाजू घेण्याचे कारण नाही. मुंबईत कोणी काय शिजवावे हे सोसायटीने ठरवू नये, एवढे साधे तत्त्व सरकारने नियमात घातले तरी पुष्कळ होईल.

मात्र हा संताप व्यक्त करणाऱ्यांनी आपल्याच वाड्यांचा इतिहासही काढावा. जातीच्या ट्रस्टची चाळ, ज्ञातीची धर्मशाळा, अमुक वाडीत फक्त अमुकच, हे गिरगावने शतकभर पाळले. गावदेवीत १९१५ साली उभी राहिलेली, देशातली पहिली मानली जाणारी सहकारी गृहनिर्माण संस्था एका ज्ञातीसाठीच होती. सहकाराचा तो पाया मोठा होता यात शंका नाही, पण त्याला दाराची कडीही होती. ‘आपल्यातलेच हवेत’ हे वाक्य मराठीत आधी बोलले गेले. आता ते दुसऱ्या भाषेत ऐकू येते म्हणून टोचते. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन सोसायटीच्या प्रकरणात सदस्यत्व एका समाजापुरते ठेवण्याचा उपविधी उचलून धरला, तेव्हा गिरगावातून निषेधाचा मोर्चा निघाल्याचे कोणाला आठवत नसेल. दार सर्वांना उघडे हवे असेल तर ते आपण मागणारे असताना आणि देणारे असताना, दोन्ही वेळी उघडे हवे.

दुकानदारांनाही सोवळ्यात ठेवायचे कारण नाही. दुपारी एक ते चार शटर खाली, सुटे पैसे नाहीत, ‘असेल ते घ्या’ हा स्वर, काचेच्या बरणीवरची धूळ. गिऱ्हाईक नवे, भाषा जुनी. कांदेवाडीतला लग्नपत्रिकांचा धंदा मेट्रोने मारला नाही, व्हॉट्सअ‍ॅपने मारला. ज्यांनी वेळेवर खोकी, पिशव्या, कंपन्यांची छपाई घेतली ते टिकले. काहींनी नव्या शेजाऱ्यांशी जुळवून घेतले, कांदा-लसूण नसलेला फरसाण वेगळ्या डब्यात ठेवला, आणि त्यांच्या दारात पाडव्याला जुन्या-नव्या दोघांची रांग लागते. नव्या रहिवाशांनाही चक्का, साखरगाठी, झेंडू लागतोच. गणेशोत्सवाच्या वर्गणीत त्यांचा आकडा बहुधा मोठा असतो, आणि मंडळाचे कार्यकर्ते त्याबद्दल सभेत बोलत नाहीत.

आणि आपण गिऱ्हाइके? स्वागतयात्रेत फेटा बांधून ‘मराठी दुकाने वाचवा’च्या घोषणा देणाऱ्याच्या फोनमध्ये दहा मिनिटांत किराणा आणून देणारी तीन अ‍ॅप असतात. शिधा त्यावरून येतो, कोपऱ्यावरच्या दुकानात रात्री साडेनऊला फक्त दही आणि काडेपेटी. असा शेजारधर्म कोणत्याही वाण्याला परवडणार नाही.

तरीही हे सारे अटळ आहे म्हणून हात झटकावेत असे नाही. गिरगावने याहून मोठी उलथापालथ पाहिली आहे. ज्या कॉरोनेशन चित्रपटगृहात १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ लागला ते नाही, ज्या मॅजेस्टिकमध्ये १९३१ साली ‘आलम आरा’ बोलला तेही नाही. ट्राम गेली. वस्ती राहिली, कारण रस्त्यालगतचा मजला लहान माणसाला परवडत राहिला. बेडेकरांचे मसाल्यांचे दुकान इथेच सुरू झाले. दांडेकरांनी १९३१ साली शाईचा उद्योग मांडला, त्याची पुढे कॅम्लिन झाली. आज कोणाला अशी सुरुवात करायची असेल तर गिरगावात त्याला दीडशे फुटांचा गाळा कोण देईल? नव्या टॉवरचे पहिले पाच-सहा मजले गाड्यांचे असतात. रस्त्यावरून चालणाऱ्याला जाळीची भिंत, जनरेटरचा धूर आणि ‘गेटसमोर वाहन उभे करू नये’ ही पाटी दिसते. दुकाने असतात ती एका कोपऱ्यात, पायऱ्या चढून, काचेआड. अशा रस्त्यावर संध्याकाळी माणूस रेंगाळत नाही आणि रात्री बाईमाणसाला चालावेसे वाटत नाही. मेट्रोने माणसे गिरगावात आणून सोडली तरी वर आल्यावर थांबायला काही हवे.

भेंडीबाजारात साडेसोळा एकरांवर सुमारे ३,२०० कुटुंबे आणि १,२५० दुकाने यांचा एकत्र पुनर्विकास होतो आहे. तिथे एक धार्मिक न्यास पाठीशी आहे, नफा हा हेतू नाही, समाज बहुतांशी एक आहे. गिरगावच्या एकेका वाडीतल्या चार मालक आणि सहा वकिलांशी त्याची तुलना योग्य होणार नाही. पण दुकाने हा प्रकल्पाचा अडथळा न मानता त्याचा भाग मानता येतो, एवढे तिथल्या आराखड्यावरून दिसते. एकेक इमारत सुटी पाडण्याऐवजी दोन-चार वाड्यांनी समूह विकासाकडे वळावे, म्हणजे अर्धे बांधून होईपर्यंत अर्धे जागेवर राहू शकतात. शासनाने निवासी भाडेकरूच्या तात्पुरत्या भाड्याइतकाच दुकानदाराच्या बुडीत धंद्याचा विचार नियमात करावा. महापालिकेने अशा रस्त्यांवर तळमजल्याची रस्त्याकडची बाजू गाड्यांना देण्यास मनाई करावी. आणि विकासकाकडे उरणाऱ्या गाळ्यांपैकी काही संस्थेने स्वतःच्या नावावर घेऊन गिरणी, इस्त्री, फुलवाला यांना माफक भाड्याने द्यावेत. मेंटेनन्सला हातभार लागेल आणि दळण टॉवरच्या खालीच होईल. मालकी एकट्या माणसाला दिली की तो विकतो. ती संस्थेकडे राहिली तर विकायला सर्वसाधारण सभा बोलवावी लागते, आणि आपल्याकडे सर्वसाधारण सभेत निर्णय किती चटकन होतात हे सर्वांना ठाऊक आहे. इथे तो दोष उपयोगी पडेल.

पाडव्यानंतर सभांचा हंगाम सुरू होतो, कारण पावसाळ्यापूर्वी इमारत रिकामी करून घेण्याची विकासकाला घाई असते. संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी रहिवाशांनी सदनिकेच्या नकाशाबरोबर तळमजल्याचाही नकाशा मागावा. गाळ्यांची तोंडे कुठे आहेत, त्यांचा ताबा आधी मिळणार की शेवटी, मधल्या काळात वाडीच्या जवळपास त्यांना तात्पुरती जागा मिळणार का, हे करारात लिहून घ्यावे. आणि ज्या सभेत हे ठरेल त्या सभेला वाडीतल्या दुकानदारालाही बोलवावे, दुकान बंद झाल्यावर, रात्री साडेनऊनंतर.